कप्तानाचं मरण

अंतराळपटांच्या त्या लाडक्या मालिकेचा मागचा भाग पाहून कोथरूडच्या श्रीनिवास परचुऱ्यांनी जाहीर केलं होतं, "आता पुन्हा यांचं तोंड बघणार नाही." पण नव्या भागाची झलक आली आणि हे निवृत्त गृहस्थ कप्तान आणि त्याच्या ग्रहाचं चित्र असलेला टी-शर्ट चढवून आरशासमोर उभे राहिले. टी-शर्ट पोटावर अडला होता.

"ग्रह बाकी ठळक दिसतोय," त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं!" ते फणकारले.

महिनाभर नव्या भागाच्याच गप्पा मारून त्यांनी घरादाराला वीट आणला. आणि थिएटरात मध्यंतरानंतर जे डोळे मिटले, ते दिवे लागल्यावरच उघडले. शेवटची लढाई चालू असताना ते चक्क घोरत होते. बाईंनी उठवलं नाही. उरलेला सिनेमा एकटीनेच पाहिला.

"शेवटी काय झालं गं?" रिक्षात त्यांनी हळूच विचारलं.

"कप्तान मेला," बाईंनी ठोकून दिलं. पडद्यावर तो चांगला धडधाकट घरी परतला होता.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बाकावर श्रीनिवासराव सांगत होते, "काय ते मरण! मला हुंदका आवरेना."

आयटीतला शेजारी केयूर गोंधळला. "काका, कप्तान तर जिवंत राहतो."

"तू वरवर पाहिलंस," ते म्हणाले. "त्याला जाण लागते."

केयूरने मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. त्या हसू दाबत गंभीरपणे म्हणाल्या, "अभ्यास आहे हो यांचा."