हजेरीपटावरचा मोकळा रकाना

मलकापुरातल्या एका खासगी प्राथमिक शाळेत माझी बायको अकरा वर्षं बालवर्गाची सहायिका होती. सहायिकेचं काम काय असतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. वर्ग मॅडमचा. सहायिकेने मुलांना बसतं करायचं, डबे उघडून द्यायचे, नाकं पुसायची आणि मुलं घरी गेली की त्यांच्या वह्यांत दुसऱ्या दिवशीचा कित्ता घालायचा. कित्ता म्हणजे पानाच्या पहिल्या ओळीत काढलेलं नमुन्याचं अक्षर. मूल त्याखाली तेच गिरवतं. लहान गटाच्या छत्तीस वह्या, मोठ्या गटाच्या एकेचाळीस. मुलं मॅडमला मॅडम म्हणायची आणि हिला ताई.

तिचं अक्षर शाळेत सर्वांत चांगलं. त्यामुळे सूचनाफलक तिच्याकडे, बक्षिसांची प्रमाणपत्रं तिच्याकडे आणि जूनअखेर शाळा उघडायच्या आधी सगळ्या वर्गांच्या हजेरीपटांची मुखपृष्ठंही तिच्याकडे. मुखपृष्ठावर इयत्ता, तुकडी, वर्ष आणि तळाला ‘वर्गशिक्षिका’ असा रकाना असे. त्या रकान्यात तिने दरवर्षी दुसऱ्यांची नावं लिहिली. तिने त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. एकदा फक्त म्हणाली होती, ‘‘सगळ्यांचे नावं चांगले काढता येतात मले. मायंच कधी काढून नाही पाह्यलं.’’

संस्थेचा नियम होता की वर्ग पदवीधराला. ती बारावी होऊन लग्न करून आलेली. मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला तिने नाव घातलं ते नोकरीच्या पाचव्या वर्षी. पुस्तकं घरी आली, तासिका दर रविवारी गावातल्याच एका महाविद्यालयात. त्या वर्गात बहुतेक अशाच बाया होत्या: अंगणवाडीच्या मदतनीस, बालवाडीच्या सहायिका, एक वसतिगृहाची. आठवडाभर दुसऱ्याच्या हाताखाली शिकवायला मदत करायची आणि रविवारी स्वतः बाकावर बसायचं.

त्यांतली एक बाई रोहिणखेडहून मोताळ्याला गाडी बदलून यायची. अंगणवाडीत मदतनीस, वय पंचेचाळिशीच्या पुढे, दोन मुलींची लग्नं झालेली. तास संपला की गाडीला वेळ असे, म्हणून ती आमच्या घरी चहाला थांबायची. समाजशास्त्राचं पुस्तक मांडीवर ठेवून ती मला म्हणाली होती, ‘‘भाऊ, कुटुंबसंस्था या प्रश्नाले दहा मार्क हायेत. मी तं घरी पंचवीस वर्षं तोच पेपर देऊन राह्यली. अजून निकाल नाही!’’

मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. त्याआधी काही वर्षं अकोल्याच्या कचेरीत इतरांच्या बातम्या तपासायचो. त्या कामाची सवय अशी लागते की जे दिसलं ते लिहायचं आणि जे मोजता येतं ते मोजायचं. इथेही तसंच करतो.

माझी बायको तिसऱ्या वर्षापर्यंत आली. शेवटच्या परीक्षेत सगळे विषय सुटले, समाजशास्त्राचा एक पेपर राहिला. सहा गुण कमी पडले. रोहिणखेडची बाई त्याच पेपरात पास झाली. या गोष्टीचा धक्का दोघींनाही बसला, कारण त्या बाईला तो विषय माझ्या बायकोनेच समजावून दिला होता.

‘‘तुले तर सारं येत होतं,’’ मी म्हणालो.

‘‘येतच होतं.’’

‘‘मग?’’

‘‘पाच प्रश्न होते. माये दोन पूर्ण झाले अन् तिसरा अर्धा. बेल झाली.’’

रोहिणखेडची बाई बशीतला चहा संपवत होती. ती म्हणाली, ‘‘सांगू का, बाई? तुयं अक्षर पाहून त्या परीक्षकानं पेपर भिंतीले लावला असन. तपासला नसन! मायं पाहाय. मायं अक्षर मलेच लागत नाही. त्याले वाटलं असन, एवढं लिवलं म्हणजे बरोबरच असन.’’

दोघी हसल्या. मी घड्याळ काढलं आणि बायकोला एका प्रश्नाचं उत्तर लिहायला सांगितलं. एका पानाला तिला तेरा मिनिटं लागली. मी तोच मजकूर पाच मिनिटांत उतरवला. तिला एवढा वेळ का लागतो, ते बघताना कळलं. ती लिहीत नव्हती, कित्ता घालत होती. प्रत्येक अक्षर सुटं, प्रत्येक वळण पूर्ण, आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळी रेघ, डावीकडून उजवीकडे, मुलाला दिसावी अशी. रोज सत्त्याहत्तर वह्या, इतकी वर्षं. हाताला तेच वळण पडलं होतं.

डिसेंबरात दोन गोष्टी एकदम समजल्या. एक, तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती आणि मे महिन्यातली परीक्षा ही शेवटची संधी होती. नंतर पहिल्यापासून नाव घालावं लागणार होतं. दुसरी, लहान गटाच्या मॅडमच्या नवऱ्याची अमरावतीला बदली झाली होती आणि त्या जूनपासून नसणार होत्या. मुख्याध्यापिकेने बायकोला बोलावून स्पष्ट सांगितलं, ‘‘वर्ग तुम्हालाच द्यावा असं माझं मत आहे. पण पदवी नसेल तर संस्था बाहेरून माणूस घेईल. मग पुढची कितीतरी वर्षं ती जागा सुटायची नाही.’’

मी उपाय काढला. रोज दुपारी ती शाळेतून आली की मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं आणि तिने ऐकत लिहायचं. रेघ द्यायची नाही, हात उचलायचा नाही, अक्षराकडे बघायचं नाही.

‘‘काऊन थांबली?’’

‘‘रेघ राह्यली ना वरची.’’

‘‘राहू दे. मी कुठं देतो रेघ?’’

‘‘तुमच्या बातम्या कोणाले गिरवायच्या नसतात.’’

पण ती करत गेली. जानेवारी संपता संपता पान सात मिनिटांवर आलं. अक्षर माझ्यासारखं झालं होतं. मला ते यश वाटलं.

फेब्रुवारीत एका सोमवारी मुख्याध्यापिकेने मोठ्या गटाच्या दहाबारा वह्या टेबलावर मांडल्या आणि विचारलं, ‘‘हा कित्ता कुणी घातला?’’ ‘श’ची गाठ नाहीशी झाली होती. ‘ळ’चं एक वेटोळं अर्धं होतं. रेघा कुठे होत्या, कुठे नव्हत्या. आणि एकेचाळीस मुलांनी रविवारच्या सुटीत वह्या घरी नेऊन अगदी तसंच, मन लावून, पानभर गिरवलं होतं. एका मुलीच्या आजोबांनी वहीत शेरा लिहून पाठवला होता: ‘हे अक्षर कोणते?’

बायकोने पुढचे दोन दिवस शाळा सुटल्यावर मुलांच्या बुटक्या बाकावर बसून सगळी पानं खोडली आणि पुढच्या पानांवर नव्याने कित्ता घातला. घरी येऊन वही माझ्यासमोर ठेवली.

‘‘हे नाही जमत मले. हात एकच हाये. इथं बिघडवला का तिथं बिघडते.’’

‘‘तीन महिन्यांचा प्रश्न आहे फक्त.’’

‘‘तुमच्यासाठी तीन महिने. जे लेकरू ‘श’ चुकीचा शिकलं, त्याच्यासाठी नाही.’’

चुकीची बातमी गेली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती छापायची असते. माझा उपाय चुकीचा होता, ही ती दुरुस्ती. वर्तमानपत्र वाचणं बंद झालं. परीक्षा सोडून द्यायची असं ती बोलली नाही, पण आठवडाभर पुस्तकही उघडलं नाही.

पुढचं तिला वर्गात सापडलं. लहान गटाची मुलं पहिल्यांदा रेघी वहीत लिहितात तेव्हा अक्षर रेघेवर उभं करतात, कारण इंग्रजी मुळाक्षरं तशी उभी असतात. मराठी अक्षर रेघेला खालून लटकतं, हे सांगायला ती वर्गात खरीच दोरी बांधायची आणि चिमट्यांनी पुठ्ठ्याची अक्षरं अडकवायची. ‘‘अक्षरं वाळत घाला,’’ असं ती मुलांना म्हणायची. त्या दिवशी एका मुलीने वहीत अक्षरं अगदी नीट लटकवली आणि वरची रेघ दिलीच नाही. हिने विचारलं, तर मुलगी म्हणाली, ‘‘ताई, रेघ तं आहेच ना.’’

त्या दुपारी ती चप्पलसुद्धा न काढता दारातूनच म्हणाली, ‘‘घड्याळ घ्या.’’

रेघी वही उघडून तिने अक्षरं छापील रेघेला चिकटवून लिहायला सुरुवात केली. वळणं तीच, गाठ तीच, वेटोळी पूर्ण. फक्त डोक्यावरची रेघ ती देत नव्हती, कारण ती पानावर होतीच. शब्द संपला की बोटभर जागा सोडून पुढचा. पान नऊ मिनिटांत झालं. हातभर अंतरावरून पाहिलं तर कित्त्याचंच अक्षर.

‘‘रेघ छापखान्यानं मारलीच हाये,’’ ती म्हणाली. ‘‘मी काऊन पुन्हा मारू?’’

एप्रिलच्या मध्यापर्यंत पान साडेसात मिनिटांवर आलं. मुलांच्या कित्त्यावर ती पूर्वीसारखीच रेघ देत राहिली. हात एकच होता आणि बिघडला नव्हता.

मला सवयीप्रमाणे खातरजमा करायची होती. परीक्षा केंद्राच्या लिपिकाला विचारलं की उत्तरपत्रिका रेघी असते का. तो म्हणाला, ‘‘मुख्य वही रेघी. पुरवणी कशी येईल ते सांगता येत नाही. कधी रेघी, कधी कोरी.’’ हे मी घरी सांगितलं. ती म्हणाली, ‘‘पुरवणी लागली तं पाहू.’’

पेपर मे महिन्यात, सकाळी. मलकापुरात मे महिन्यात सकाळ फार लवकर संपते. घाम पानावर उतरू नये म्हणून तिने मनगटाखाली ठेवायला दोन हातरुमाल नेले. रोहिणखेडच्या बाईचा त्या दिवशी पेपर नव्हता, तिची पदवी आधीच झाली होती, तरी पहिल्या गाडीने आली आणि तीन तास माझ्यासोबत फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बसली. तिने डब्यात ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा आणला होता. मला म्हणाली, ‘‘खा, भाऊ. तुम्हाले तं पेपर हाये असं तोंड झालं.’’

बायको बाहेर आली तेव्हा बोटं शाईने निळी होती.

‘‘चार पूर्ण झाले. पाचव्यासाठी पुरवणी घेतली,’’ ती म्हणाली.

‘‘रेघी?’’

‘‘कोरी.’’

कोऱ्या कागदावर तिला रेघेशिवाय लिहिता आलं नाही. अक्षरं उघडी दिसत होती, म्हणाली. तिने प्रत्येक अक्षरावर रेघ देत पाचवा प्रश्न लिहिला आणि समारोप राहिला. बाईने कपाळावर हात मारला. ‘‘अवं माय! तुले कोण पाहात होतं तिथं?’’

‘‘मीच पाहात होती ना,’’ बायको म्हणाली.

जून संपत आला, निकाल आला नाही. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ती नेहमीप्रमाणे हजेरीपट लिहायला गेली. सगळी मुखपृष्ठं झाली. लहान गटाचं हातात घेऊन तिने मुख्याध्यापिकेला विचारलं, ‘‘इथं काय लिहू?’’

‘‘तो रकाना मोकळा ठेवा,’’ मुख्याध्यापिका म्हणाल्या. ‘‘जुलैअखेरपर्यंत मी संस्थेला थांबवलं आहे. त्यापुढे माझं चालणार नाही.’’

महिनाभर लहान गटाचा वर्ग तिने एकटीने चालवला आणि रोज तो हजेरीपट उघडला. रकाना मोकळा होता. मी त्या काळात दोनदा शाळेत गेलो. दोन्ही वेळा हजेरीपट तिच्या टेबलावर पालथा ठेवलेला होता.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, मी तहसील कचेरीत एका बैठकीला बसलो असताना, तिचा फोन आला. ती शाळेच्या वेळात कधी फोन करत नाही.

‘‘लागला,’’ ती म्हणाली.

‘‘अन्?’’

मागे मुलांचा गलका होता. तिने कुणाला तरी खाली बसायला सांगितलं. मग म्हणाली, ‘‘झाली मी.’’

बैठकीची बातमी मी दुसऱ्याकडून घेतली. शाळेत पोचलो तेव्हा मुलं डबे खात होती. वर्गाच्या कोपऱ्यात दोरीवर पुठ्ठ्याची अक्षरं टांगलेली होती. मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या. त्यांनी निकालाची छापील प्रत दोनदा वाचून खातरजमा केली होती आणि बायकोच्या हातात शाईचं पेन दिलं होतं. फोनवर रोहिणखेडची बाई होती. तिचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता: ‘‘आता तुले मॅडम म्हणू का काय? माय, मले तं लाजच येईन!’’

बायकोने फोन ठेवला, हजेरीपट उलटला आणि रकान्यात नाव लिहायला घेतलं. मुखपृष्ठ कोऱ्या पुठ्ठ्याचं असतं, त्यावर ओळी नसतात. तिने एकेक अक्षर सुटं काढलं, वळण पूर्ण केलं आणि प्रत्येक अक्षरावर रेघ दिली, डावीकडून उजवीकडे. नाव, मग आडनाव, मग स्वल्पविराम, आणि त्यापुढे बी.ए. दोन मुलं डबा सोडून बघायला आली. तिने हात मधे कुठेही घाईत उचलला नाही.

किती वेळ लागला, ते मी मोजलं नाही.