सहावा खांदा

आल्विन रोसनर एक्केचाळीस वर्षं थोरल्या महाराजांच्या जंगलात वनरक्षक होता. आमच्या लिंडेनस्टाईनचं राज्य कायद्याने कधीच गेलं आणि पदवी नुसती आडनावात उरली. पण जंगल घराण्याचंच राहिलं, आणि गावाच्या तोंडी महाराजही राहिले. घराण्यातलं कुणी गेलं की शवपेटीला खांदा द्यायचा तो जंगलात नोकरीवर असलेल्या सहा वनरक्षकांनी, चर्चपासून टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत, अशी रीत. आल्विनने महाराजांच्या आईला खांदा दिला होता, राणीसाहेबांनाही.

फेब्रुवारीत थोरले महाराज गेले तेव्हा त्याला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तरी मुख्य वनाधिकारी गेबहार्टने त्याला बोलावून घेतलं. "पाच जण आहेत. सहावा तू."

आल्विनने त्याच दिवशी हिरवा कोट इस्त्रीला टाकला. महाराजांबरोबर तो उभा जन्म रान तुडवत हिंडला होता. हे शेवटचं चालणं त्याला हवंच होतं.

आदल्या दिवशी वाळू भरलेली पेटी घेऊन तालीम झाली. टेकडीला ब्याऐंशी पायऱ्या आहेत. एकतिसाव्या पायरीवर आल्विनचा उजवा गुडघा वाकला. त्याने कसंबसं सावरलं. मी चर्चचा सेवक, मागून चाललो होतो, म्हणून मला दिसलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. धीर झाला नाही.

खाली आल्यावर तो कठड्यावर बसला. मेख्टिल्डने त्याच्या हातात कॉफीचा पेला दिला. ती आमच्या जंगलातली पहिली बाई वनरक्षक.

"आल्विनकाका, केवढी धाप लागलीय. उद्या महाराजांना वर न्यायचंय, तुम्हाला नाही."

"जिभेला हाड नाही तुझ्या. तू काय करणारेस उद्या?"

"फुलांचं चक्र धरणार. साहेब म्हणाले, मुलीच्या हातात ते शोभेल."

"नोकरीला किती वर्षं झाली तुला?"

"नऊ."

आल्विनने कॉफी संपवली आणि उठून गेबहार्टकडे गेला.

"पाच कसे रे मोजलेस? सहा आहेत."

"ती बुटकी आहे. पेटी कलेल."

"माझ्या खांद्यावरून तर पडेलच. गुडघा एकतिसाव्या पायरीवर हात टेकतो."

"कोण म्हणालं?"

"गुडघाच म्हणाला. आणि रीत नोकरीवरच्यांची आहे. मी पेन्शनवाला."

"तुला तर हवं होतं ना?"

"हवंय की अजून," आल्विन म्हणाला.

गेबहार्टने एकदा त्या पायऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठीक आहे. सांग तिला."

दुसऱ्या दिवशी पेटी उचलण्याआधी आल्विनने गळ्यातला लोकरी मफलर काढला, चौपदरी घडी करून मेख्टिल्डच्या खांद्यावर ठेवला आणि हाताने दाबून उंची पाहिली. "आधी डावा पाय. आणि पायऱ्या मोजत बसू नकोस."

पेटी सरळ वर गेली. आल्विन आणि मी मागून कठडा धरत चढलो. वर पोचलो तेव्हा महाराजांना कबरीत उतरवून झालं होतं, प्रार्थनाही संपली होती. आल्विनने टोपी काढून मूठभर माती टाकली. ओठ हलले, पण मला काही ऐकू आलं नाही.

मेख्टिल्ड बाजूला उभी राहून खांदा चोळत होती.

"दुखतोय?" त्याने विचारलं.

"बराच."

"चार दिवस दुखेल," आल्विन म्हणाला. "माझाही दुखायचा."