स्वित्झर्लंडच्या गवतात आमच्या सासूबाई

आमच्या सासूबाईंचं नाव हौसा. तुम्ही नावासारख्याच हौशी आहात, असं कुणी म्हटलं की त्यांना राग येतो. "हौस कराला येळ कवा होता?" म्हणतात. ते खरंच आहे. कोनला खाडीकाठी त्यांचं माहेर, लग्न होऊन भिवंडीजवळच्या वडप्याला आल्या. माझा नवरा भावेश शाळेत असतानाच सासरे गेले. तेव्हापासून शेत, म्हशी, घर, सगळं त्यांनी एकटीनं ओढलं.

एकटीनं म्हणजे अगदी एकटीनं नाही. शेजारच्या कमळकाकी आणि पलीकडच्या आळीतल्या पार्वतीकाकी होत्या ना! आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची रोपं लावायच्या वेळी, तिघी मिळून आधी एकीचं शेत उरकायच्या, मग दुसरीचं, मग तिसरीचं. पुढे हायवेच्या कडेनं गोडाऊनं उभी राहिली. तिघींच्याही शेतांवर आज पत्र्याची उंच छपरं आहेत आणि रात्रंदिवस कंटेनर ये-जा करतात. भाडं येतं, त्यामुळे कुणाला काही कमी नाही. पण पाऊस सुरू झाला की आमच्या आई, म्हणजे सासूबाई, उगाच ओट्यावर येरझाऱ्या घालतात. त्यांच्या हातांना काम सापडत नाही.

युरोपचा विषय निघाला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर. कमळकाकींचे गुडघे धरलेले असतात, म्हणून थंडीत आम्ही त्यांना तिथे घेऊन जातो. पाय पाण्यात सोडून तिघी बसल्या होत्या. कमळकाकी एकदम म्हणाल्या, "हौसे, गरम पानी लय झाला. मना एकदा बरफ बघाचा हाय."

"मग काश्मीरला जाव," पार्वतीकाकी म्हणाल्या.

"काश्मीरला सगळी जातात. जरा लांब जाव ना."

मी सहज म्हटलं, "लांबच जायचंय तर युरोपला जा. आता टूर निघतात, जेवण आपलंच मिळतं."

मला वाटलं, हसण्यावारी नेतील. पण आईंनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "उन्नती, पासपोर्ट कुठं काढतात गो?"

गावात बातमी पसरली. कमळकाकींचे यजमान केसरीनाथकाका पारावर बसून म्हणाले, "तीन बाया लुगडी नेसून परदेशात! लोक हसतील." आई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "भावजी, हसूदे. तिथल्या लोकांना आपली भाषा कुठं समजतं? आपन पन हसू त्यांना." मे महिन्याच्या शेवटी तिघी निघाल्या. लुगड्याखाली गरम पायजमे, पायात मी आणलेले स्पोर्ट्‌स शूज आणि गळ्यात टूर कंपनीची ओळखपत्रं. एअरपोर्टवर त्यांना सोडून मी हात हलवत उभी राहिले. त्या मात्र मागे वळूनही न पाहता आत गेल्या.

पुढचं सगळं मला तिघींनी सांगितलेलं आहे, आणि टूर मॅनेजर कुमारनंही. कुमार कल्याणचा, तिशीतला पोरगा. या ग्रुपमुळे आपलं वजन उतरलं, असं तो अजूनही सांगतो.

पहिला घोळ पॅरिसला झाला. तो उंच लोखंडी मनोरा बघून झाला होता, बोटीत बसून झालं होतं. दुसऱ्या दिवशी होती एकादशी. आईंनी सकाळी अंघोळ करून हॉटेलच्या टेबलावर देवाचा छोटा फोटो मांडला आणि नेहमीप्रमाणे अगरबत्ती लावली. एक नाही, चांगली मूठभर. दोन मिनिटांत अख्ख्या हॉटेलात भोंगे वाजू लागले. साबण लावलेली माणसं टॉवेल गुंडाळून जिन्यानं खाली धावली. रस्त्यावर ही गर्दी, आणि वर बंबाची लाल गाडी येऊन उभी.

अग्निशमनवाले एकेकाला विचारू लागले. कुमारला अंदाज आला होता. तो आईंच्या कानाशी येऊन पुटपुटला, "मावशी, तुम्ही काही बोलू नका. मी सांभाळून घेतो."

"कला सांभालतंस? मी चोरी केलीय का?" आमच्या बोलीत कला म्हणजे कशाला. असं विचारून आई गर्दीतून पुढे झाल्या. त्या धिप्पाड माणसासमोर उभ्या राहून त्यांनी हात जोडले. "मी लावली अगरबत्ती. देवाला लावली. मना ठाऊक नव्हता की तुमची घंटा वाजतंय. सगळ्यांना तरास झाला, माफ करा." मग कुमारकडे वळून म्हणाल्या, "सांग त्याला, जसं बोलली तसंच सांग."

कुमारनं सांगितलं. त्या माणसानं हेल्मेट काढलं, हसला, आणि खोलीत अगरबत्ती लावायची नाही असं बोटानं खुणावून गाडीत जाऊन बसला. ग्रुपमधली जी मंडळी तोवर आमच्या तिघींपासून जरा अंतर राखून होती, ती त्या सकाळी नाश्त्याला त्यांच्या टेबलावर येऊन बसली.

खरी गोष्ट घडली ती स्वित्झर्लंडमध्ये.

कमळकाकींचा बर्फ बघून झाला होता. बर्फात बसून त्यांनी मूठभर बर्फ खाल्ला होता आणि मग "चव न्हाय याला" असा निकाल दिला होता. दुपारी सगळे डोंगरातल्या छोट्या आगगाडीनं खाली गावाकडे निघाले. वाटेत गाडी एका लहानशा स्टेशनात थांबली. कमळकाकींना वाटलं, आलं आपलं गाव. गुडघ्यांमुळे उतरायला वेळ लागतो, म्हणून त्या सगळ्यांच्या आधी उठल्या आणि खाली उतरल्या. मागे वळून बघतात तर कुणीच उतरत नाही.

आईंनी खिडकीतून पाहिलं. कुमार पुढच्या डब्यात होता. हाक मारायला वेळ नव्हता, कारण दरवाजे मिटायला लागले होते. आईंनी हातातली पिशवी पार्वतीकाकींच्या मांडीवर टाकली आणि मिटत्या दारातून बाहेर उडी मारली. काचेआड पार्वतीकाकी तोंड उघडं टाकून बघत राहिल्या आणि गाडी निघून गेली.

फलाटावर दोघी. स्टेशन म्हणजे एक छप्पर आणि एक बाक, माणूस कुणी नाही. फोन पिशवीत, पिशवी गाडीत. कमळकाकी रडायला लागल्या. "तू कला उतरली गो? मी एकटी हरवली होती, आथा दोघी हरवलो."

"एकटी हरवली असतीस तर रडत बसली असतीस. दोघी हाव तर कायतरी करू," आई म्हणाल्या.

स्टेशनला लागूनच उताराचं हिरवं कुरण होतं. गवत कापून वाळत घातलेलं, आणि एक म्हातारी बाई व तिचा नवरा लाकडी दाताळ्यांनी ते ओढून गोळा करत होते. बाजूला छोटा ट्रॅक्टर आणि ट्रॉली. आई कमळकाकींचा हात धरून तिकडे गेल्या. गळ्यातलं कार्ड काढून त्यांनी बाईला दाखवलं, त्यावर कुमारचा नंबर होता. बाईनं कार्ड वाचलं, मान हलवली. मग आभाळाकडे बोट दाखवलं, गवताकडे दाखवलं, आणि हात जोडल्यासारखे करून थांबा अशी खूण केली.

आईंनी वर पाहिलं. डोंगरामागून काळा ढग खाली उतरत होता आणि वाऱ्याला ओला वास सुटला होता.

आई मला म्हणाल्या, "उन्नती, मना तिचा एक शब्द समजला न्हाय. पन ती काय सांगतंय ते सगळा समजला. फोन काय पलून जातंय? गवत भिजला तर तिच्या गाई थंडीत काय खातील?"

त्यांनी पदर खोचला, लुगडं आणखी वर आवळलं, ट्रॉलीला टेकवलेलं तिसरं दाताळं उचललं आणि कामाला लागल्या. म्हातारीनं आईंना वरचा पट्टा दाखवला. दोघी मिळून गवत खाली ओढायच्या आणि म्हातारा काट्यानं ते ट्रॉलीत चढवायचा. कमळकाकींना उतारावर उभं राहवेना, म्हणून त्या एका पालथ्या टोपलीवर बसल्या आणि तिथून जोरजोरात सांगू लागल्या, "अरे भाऊ, दाबून भर! कडंला दाब, न्हायतर उडल!" म्हातारा मान डोलवायचा आणि खरोखर कडेला दाबायचा.

हातात काम आल्यावर आपण कुठे आहोत हे आई विसरल्या. वाळल्या गवताचा वास, घाम, पाठीला लागलेली कळ, सगळं ओळखीचं. "लय वर्सांनी पाठ दुखली गो," हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. शेवटचा ढीग ट्रॉलीत गेला, म्हाताऱ्यानं ट्रॅक्टर गोठ्याच्या छपराखाली घातला, आणि पावसाची मोठी सर कोसळली.

म्हातारीनं दोघींना घरात नेलं. छातीवर हात ठेवून म्हणाली, "व्रेनी." आईंनी आपलं नाव सांगितलं. व्रेनी हे नाव आईंच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी तिची वेणी केली. वेणीनं ब्रेड, गरम दूध आणि चीजचा मोठा तुकडा पुढे ठेवला. कमळकाकींनी चीज हुंगलं आणि आईंना म्हणाल्या, "ह्याच्यापरीस आपली सुकट बरी." पण खाल्लं मात्र सगळं.

मग वेणीनं कार्डावरचा नंबर लावून फोन आईंच्या हातात दिला. पलीकडे कुमार ओरडतच होता. तो पुढच्या स्टेशनवर उतरून उलट गाडीनं परत आला होता आणि त्याच छोट्या फलाटावर, त्या एवढ्याशा छपराखाली, भिजत उभा होता.

"मावशी! कुठे आहात तुम्ही? मी पोलिसांना कळवणार होतो!"

"वरडू नको, पोऱ्या. टेशनाच्या वरतीच घर हाय, लाल खिडक्यांचा. ये, दूध गरम हाय."

कुमार ओलाचिंब होऊन आला. बोलायला लागला तो थांबेना. परदेशात असं करतात का, काही झालं असतं तर घरच्यांना काय उत्तर दिलं असतं, नोकरी गेली असती. आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुजा बरोबर हाय. तुला घोर लावला, ते चुकला आमचा. पन एक ध्यानात ठेव. कमळ चुकून उतरली. मी मुद्दाम उतरली. माजी मानूस खाली आणि मी गाडीत, असा कवा झाला न्हाय, व्हनार न्हाय."

कुमार मला म्हणाला, "ताई, मी मावशींच्या शेजारी बसलो. पेला उचलला आणि दूध प्यायलो."

पाऊस थांबल्यावर म्हाताऱ्यानं ट्रॉली रिकामी केली, त्यात एक जाड घोंगडी अंथरली आणि तिघांना बसवून ट्रॅक्टरनं खालच्या गावी नेऊन सोडलं. निघताना वेणीनं आईंना मिठी मारली. आईंना मिठ्या मारायची सवय नाही. त्यांनी तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. म्हातारीनंही तसंच करायचा प्रयत्न केला, पण तिची बोटं काही मोडेनात. दोघी हसत सुटल्या.

खाली हॉटेलपुढे सगळा ग्रुप काळजी करत उभा होता. आणि समोरून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत दोन लुगडेवाल्या बाया ताठ बसलेल्या, केसांत गवताच्या काड्या, आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून बसलेला मॅनेजर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पार्वतीकाकींनी मात्र पिशवी आईंच्या अंगावर फेकली, दोन शिव्या हासडल्या आणि मग गळ्यात पडून रडल्या. "मना एकटीला टाकून शेतावर गेल्या," हा राग त्यांच्या मनात इटलीपर्यंत होता.

इटलीत तो कलता मनोरा बघून त्यांचा मूड परत आला. सगळे हात वर करून मनोऱ्याला टेकू दिल्याचे फोटो काढत होते. पार्वतीकाकी म्हणाल्या, "आमच्या भिवंडीत इमारत जरा कलली तर मुन्सिपाल्टी नोटीस लावतं. इथं तिकीट लावतात." ग्रुपमध्ये एवढा हशा पिकला की शेजारच्या जपानी लोकांनीही, काही न कळता, हसून घेतलं. व्हेनिसला होडीतून उतरताना कमळकाकींचा एक बूट पाण्यात पडला आणि उरलेली सहल त्यांनी हॉटेलच्या कापडी सपाता घालून पार पाडली. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, त्यांना तर नाहीच.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी कोनला आईंच्या भाच्याची हळद होती. मांडवात बायकांनी तिघींना घेरलं. काय बघितलं, काय खाल्लं, थंडी किती होती. कमळकाकी गवताची गोष्ट सांगायला लागल्या. त्यांच्या सांगण्यात आता ते कुरण हायवेपर्यंत लांब झालं होतं, आणि पावसाबरोबर गाराही पडत होत्या. आई मध्येच म्हणाल्या, "गारा न्हाय पडल्या गो. खोटा नको सांगू."

"पडल्या!"

"न्हाय पडल्या. पन पडल्या असत्या तरी गवत भिजला नसता," आई म्हणाल्या, आणि वाट्या घेऊन पंगतीत वाढायला निघाल्या.

मांडवात माझ्या शेजारी बसलेल्या एका नव्या सुनेनं मला विचारलं, "त्या कोण आहेत हो?"

मी जरा मोठ्यानंच सांगितलं, म्हणजे चार जणींना ऐकू जाईल असं. "त्या? माझ्या सासूबाई."