पुस्तक धरणारं माणूस

अगं मुक्ता, जरा कान इकडे कर. आजीला फोन करायचा तो एवढंच विचारायला, की यंदा छापील पुस्तकं घेऊ का टॅबवरच वाचू? मी कशी आहे ते विचारायचं राहिलंच की गं!

आज समोरच्या ओट्यावर शेजारीण पुस्तक धरून बसली होती आणि तिची लेक डोळे मिटून कविता म्हणत होती. अडली की हळूच एक डोळा उघडून पुस्तकात बघायची. "लबाडे, मीट डोळे!" म्हणत आई हसायची. तूही अशीच म्हणायचीस, आणि पुस्तक माझ्या हातात असायचं. शाळा न पाहिलेली मी, तू म्हणशील त्या ओळीवर बोट फिरवत वाचायला शिकले. आता टॅब म्हणे आपणच प्रश्न विचारतो, चूकही सांगतो. मग पुस्तक धरायला माणूस कशाला लागतंय?

संध्याकाळी माझे हात नुसते मांडीवर पडून असतात बघ.

टॅबच घे बाई, ओझ्याने खांदा दुखतो तुझा. फक्त एखादं पुस्तक छापील घे, कुठलंही, आणि ते घेऊन लवकर ये. तू म्हण, मी धरून बसते.