धुतलेला माल

नोकरी संपून बरीच वर्षं झाली. तरी एखाद्या दुकानाबाहेर 'निम्म्या किमतीत' अशी पाटी दिसली की माझे पाय थबकतात आणि मालवणच्या किनाऱ्यावरचं एक स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतं. ओली फरशी, ओट्यावर अर्धवट वाटलेलं खोबरं आणि बाजूला पत्र्याच्या बॉडीचा नवाकोरा मिक्सर.

तेव्हा मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मरण पावलेली बाई बाजारात मासे विकायची. बर्फात हात घालून घालून बोटं आखडली होती. पाट्यावर वाटण वाटणं जमेना, म्हणून तिने गावातल्याच दुकानातून मिक्सर घेतला. नवरा होडीवरून परतला तेव्हा ती ओट्याखाली पडलेली होती. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. विजेचा धक्का, हे उघडच होतं. घरात अर्थिंग नव्हतं, पाय ओले होते. असे मृत्यू कोकणात दर पावसाळ्यात होतात आणि त्यांचे कागद लवकर मिटतात. हेही मिटले असते.

पण उत्तरकार्य व्हायच्या आत ठाण्यात एक फोन आला. ठाणे अंमलदाराने रिसीव्हर माझ्याकडे दिला. पलीकडचा माणूस घाईत होता.

"साहेब, त्या दुकानातले खोके बघा. खोके नवे आसत, आतलो माल धुतलेलो आसा."

नाव विचारलं तर फोन बंद झाला; तो कोण होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही. निनावी खबरीबाबत माझा एक अनुभव आहे. वैर काढणारा माणूस नावं घेतो, शिव्या देतो, लांबण लावतो. ज्याचं मन खात असतं तो थोडक्यात बोलतो.

दोन पंच घेऊन आम्ही दुकानात गेलो. दुकानदार चाळिशीतला, मच्छीमार घरातला. समुद्र सोडून त्याने घरगुती वस्तूंचं दुकान थाटलं होतं. मिक्सर, इस्त्र्या, पंखे. आम्ही शिल्लक माल सील केला आणि विद्युत निरीक्षकांना बोलावलं. त्यांनी एका मिक्सरचे स्क्रू काढून बूड उघडलं, तेव्हा वाळलेल्या गाळाची खपली टेबलावर पडली. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. तारांच्या वेटोळ्यांवरचं आवरण पाण्याने सुटलं होतं. आदल्या पावसाळ्यात मुंबईपासून सांगलीपर्यंत पूर आले होते. बुडालेल्या गोदामांतला माल भंगार म्हणून विकला गेला होता, हे आम्हाला ऐकून ठाऊक होतं. तो आमच्या किनाऱ्यापर्यंत पोचला असेल हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

दुकानदाराला चौकशीला बोलावलं. आमच्याकडे माणूस घरात, बाजारात मालवणी बोलतो आणि कचेरीची पायरी चढला की पुस्तकी मराठीवर येतो. हाही आला.

"साहेब, मी रीतसर व्यापारी आहे. बंद खोक्याच्या आत काय आहे, ते मला कसं कळणार?"

"माल घेतला कुठून?"

"तळेरे फाट्यावर एक टेम्पोवाला भेटला. नाव माहीत नाही."

"याआधी कुठून घ्यायचास?"

"कोल्हापूरच्या ठोक व्यापाऱ्याकडून."

"मग तो का सोडलास?"

या प्रश्नावर मात्र तो खरं बोलला. कोल्हापूरचा व्यापारी बिल द्यायचा, गॅरंटीचं कार्ड द्यायचा, बिघडलेला नग परत घ्यायचा. पण त्याच्या भावात माल घेऊन कुडाळच्या मोठ्या दुकानांपुढे टिकाव लागेना. मग याने बंद पडणाऱ्या दुकानांचा माल, पोचे आलेल्या खोक्यांचा माल, असं घ्यायला सुरुवात केली. त्यात गैर काहीच नव्हतं. स्वस्त घेऊन स्वस्त विकणं हा गुन्हा नाही, आणि गावातल्या बायका त्याला दुवा देत होत्या. पण त्याहून स्वस्त, बिलाशिवायचा, परत न घेण्याच्या बोलीवरचा हा लॉट समोर आला तेव्हा इतका स्वस्त का, हे त्याने विचारलं की नाही, यावर सगळं अडलं होतं.

"मला काही माहीत नव्हतं," एवढंच तो म्हणत राहिला. रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. तो हलला नाही.

मग मी त्याच्या घरी गेलो. घराची झडती घ्यायची होती, पण हाती काही लागेल अशी आशा नव्हती. त्याची बायकोही बाजारात मासे विकायची. गेलेल्या बाईच्या शेजारीच तिची जागा. मैत्रिणीच्या मरणाने तिचे डोळे सुजले होते. मागच्या पडवीत ती पाट्यावर वाटण वाटत होती. मी सहज म्हणालो, "काय हो ताई, दुकानात एवढे मिक्सर आणि तुम्ही पाट्यावर?"

"ह्येंनी आदीच सांगल्यानी," ती वरवंटा न थांबवता म्हणाली, "त्यो माल आपल्या घरात नको."

बोलून झालं आणि वरवंटा थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. पदराने हात पुसत ती उठली आणि आत गेली.

नवरा-बायकोत झालेलं बोलणं कोर्टात पुरावा म्हणून सहसा चालत नाही. हे मला ठाऊक होतं. पण मला कोर्टाआधी त्या माणसापर्यंत पोचायचं होतं. ठाण्यात येऊन मी त्याच्यासमोर बसलो.

"तुझ्या घरी वाटण अजून पाट्यावर का होतं, ते आता मला कळलं."

मग त्याची भाषाच बदलली.

"चुकलो मी, साहेब. एक खोको मी उघडलेलंय. चिखल बघलंय. माका वाटला, धुवून सुकयलेलो आसा, चलता तर आसा, काय्येक होवचा नाय."

"मग घरात का नेला नाहीस?"

तो रडू लागला.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. आरोपीने दाखवलेला माल मात्र चालतो. टेम्पोवाल्याची थाप सोडून दुकानदार आम्हाला खारेपाटणला घेऊन गेला. नदीच्या बाजूला एक गोदाम होतं. अंगणात ताडपत्रीवर इस्त्र्या आणि मिक्सर उन्हात वाळत पडले होते, भिंतीलगत कोऱ्या खोक्यांची थप्पी. पुरवठा करणारा व्यापारी तिथेच सापडला. तो जराही घाबरला नाही. "मी भंगार विकतो. पुढे कोण काय म्हणून विकतो, ते मी काय सांगू?" असं म्हणाला, आणि पुढे कोर्टातही हेच म्हणाला.

विकलेला माल परत गोळा करणं त्याहून जड गेलं. पोलीस पाटलांना घेऊन आम्ही वाडी-वाडी फिरलो. लोक मिक्सर द्यायला तयार नव्हते. "चलता हा साहेब, कित्याक देवचो?" एका म्हातारीने तर तो पदराखाली धरून ठेवला होता. किती नग गावात राहिले असतील, देव जाणे.

निकाल लागला तेव्हा माझी बदली झाली होती. दुकानदाराला निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल शिक्षा झाली. खारेपाटणचा व्यापारी संशयाचा फायदा मिळून सुटला.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. कोण किती खरं बोलतो हे पाहण्याआधी तो स्वतःच्या घरात काय आणतो, ते मी पाहू लागलो. माणूस जगाला फसवतो, कधी स्वतःलाही फसवतो, पण स्वतःच्या पोरांच्या ताटापाशी येऊन थांबतो. तिथे थांबला, म्हणजे त्याला ठाऊक होतं. कायद्याच्या पुस्तकात हे कलम नाही, पण पुढच्या अनेक तपासांत ते माझ्या कामी आलं.

बदलीचा हुकूम आल्यावर मी एकदा त्या बाजारातून गेलो होतो. दुकानदाराची बायको आपल्या जागेवर होती, शेजारची जागा रिकामी. गिऱ्हाईक गेल्यावर तिने मला हाक मारली. नवऱ्याबद्दल काही विचारेल, असं मला वाटलं.

"साहेब, एक सांगूचा रवला होता," ती म्हणाली. "त्यो मिक्सर घेवच्या आदी तिना माका इचारल्यान. घेव काय गो, म्हणान."

तिने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"मी सांगलंय, घे."