ब्रेकचा वास

काल माझ्या भांड्यांच्या दुकानासमोर एका ट्रकचा ब्रेक जळाला आणि तो वास थेट आत आला. हातातलं पितळी पातेलं मी खाली ठेवलं. तरुणपणी पवनीच्या वाटेवर हाच वास आला होता.

पवनीला जमिनीतून निघालेला जुना बौद्ध स्तूप पाहायचा, हा थोरल्या दादाचा हट्ट. खासगी बस एक डोंगर उतरून दुसऱ्याच्या माथ्यावर आली. पानं झडलेला साग उभा होता, वारा अजिबात नव्हता.

"ड्रायव्हर, ब्रेक जळून राहिला. थांबव," मी ओरडलो.

"शेठ, अर्ध्या रस्त्यात भाड्याचा भाव पाडून राहिले का?" अख्खी बस हसली.

मी दाराला लाथ घातली, तेव्हा त्यानं गाडी उभी केली. मी उतरलो. "दादा, तू बी उतर."

दादा खिडकीतून हसला. "हा तुझा पहिला भाव की शेवटचा?"

"शेवटचा."

"तुझा शेवटचा तर गिऱ्हाईक पायरी उतरल्यावर निघते. ये आता पायी पायी."

बस उताराला लागली. वळणाआड हॉर्न वाजू लागला, वाजतच राहिला. मग खाली झाडं मोडल्याचा आवाज झाला. दादा त्यात गेला.

बसभर हसले त्यांचा राग केव्हाच विझला. दादावरचा विझत नाही. जन्मात एकदाच मी पहिला भाव खरा सांगितला होता. आणि वळणावर त्यानं मागं वळून पाहिलं, पायरी उतरलेलं गिऱ्हाईक पाहतं तसं, मी आणखी थोडा उतरतो का म्हणून.