सनमायका न लावलेलं मशीन

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सांगलीतल्या माझ्या कारखान्यात किचन ट्रॉलीच्या दारांना सनमायका चिकटवत होतो. "भावजी, ह्ये गेलं..." एवढंच त्या म्हणाल्या. हणमंत, माझा शाळेपासूनचा मित्र, साताऱ्यात सकाळी चहा पिता पिता गेला. रडू आलं, पण त्याच्याही आधी डोक्यात आलं ते त्याचं मशीन. आता ते कुणाकडे जाणार? हे लिहायला बरं वाटत नाही. पण हणमंतावर लिहायचं आणि माझ्या जळण्याबद्दल लिहायचं नाही, तर आमच्या दोस्तीतलं सांगण्यासारखं काही उरतच नाही.

मशीन म्हणजे व्हिडिओ गेमचं, उभ्या कपाटाएवढं. आमच्या लहानपणी साताऱ्याच्या स्टँडजवळ अशा मशीनचं पार्लर होतं. शाळा बुडवून आम्ही तिथं जायचो. माझं विमान सुरुवातीलाच पडायचं आणि हणमंत एका नाण्यात अख्खी दुपार काढायचा. त्याच्यामागे पोरांची गर्दी, आणि मी त्याचं दप्तर धरून उभा. पुढे तो फौजेत गेला, तिथं वायरलेस दुरुस्त करायचा. मी फर्निचरच्या धंद्यात पडलो. तो निवृत्त होऊन आला तेव्हा महाबळेश्वरच्या एका हॉटेलनं आपली खेळाची खोली मोडायला काढली होती. विमानाच्या खेळाची दोन मशीनं तिथं धूळ खात होती, अगदी जुळी. आम्ही एकेक उचललं.

मी माझं पार उघडून काढलं. तिथल्या पावसानं फुगलेलं प्लायवूड फेकून नवं घातलं, वर चकचकीत लाल सनमायका, जाडजूड पिक्चर ट्यूबच्या जागी सपाट स्क्रीन, बटणं नवी. हणमंत बघायला आला, चारी बाजूंनी फिरला. "लय भारी केलंस गड्या. शेगडी तेवढी बसीव, म्हंजी सैपाक बी हुईल." स्वतःचं मशीन त्यानं फक्त चालतं केलं. ट्यूब जुनीच, कडेवरचे सिगारेटचे चटके तसेच, कुणीतरी किल्लीनं कोरलेला बदामही तसाच. मी चिडायचो. "अरे, हे टवाळ पोरांचे उद्योग, ते काय जपायचे? लाकूड कुजतंय तुझं." "कुजंल तेवढंच बदलीन की. पर ज्येंनी ज्येंनी हितं हात घासलं, त्येंचं हात मी पुसनार न्हाई." फौजी माणूस, एकदा बोलला की विषय संपला.

आणि लोक त्याच्याचकडे रमायचे, हे मला खुपायचं. मेढ्याचं एक जोडपं होतं, दोघंही तरुणपणी त्याच हॉटेलात कामाला. ते आधी माझ्याकडे आले. बाईंनी कौतुकानं बघितलं आणि विचारलं, "नवीन घेतलं का?" त्याच बाई साताऱ्यात हणमंताच्या पत्र्याच्या शेडमध्ये मशीनच्या कडेवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, हितंच टेकून हुबं ऱ्हायचा न्हवं तुमी?" नवरा लाजला. हणमंत माझ्याकडे बघून हसलासुद्धा नाही. हसला असता तर निदान भांडता आलं असतं.

तेरावं झालं, त्यानंतर काही दिवसांनी वहिनींनी बोलावून घेतलं. "भावजी, ह्ये मशीन तुमच्या मशीनवानी करून द्या. नवंकोरं. हॉलमधी ठेवीन, ह्यांच्या फोटोखाली. ते फुगल्यालं लाकूड आता मला बघवत न्हाई." इतकी वर्षं मनात होतं ते असं हातात आलं. मी टेप लावून मापं घेतली. लाल सनमायकाचा तुकडा बरोबर नेलाच होता, तोही लावून बघितला. वायर काढायला वाकलो, तर ती इन्व्हर्टरला जोडलेली. "ह्यांनी कवाच बंद केलं न्हाई," वहिनी म्हणाल्या. "बंद केलं की नंबर पुसत्यात म्हनं. लाईट गेली की माझा फ्रिज बंद, पर ह्ये चालू." खरंच, या जुन्या मशीनची वीज गेली की खेळणाऱ्यांची नावं आणि गुणांचे आकडेही जातात. पडद्याचं बटण त्यानं वेगळं काढलं होतं, ते मी दाबलं, तशी सगळ्यात जास्त गुणांची यादी आली. पहिलं नाव त्याचं. दुसरं, तिसरंही त्याचंच. माझं सगळ्यात खाली. "काडा की वायर. आता कोन बघतंय?"

मी बघत होतो... वायर काढली असती तर ते वरचं नाव गेलं असतं, आणि मग मी हणमंताला कधीच हरवू शकलो नसतो. मेलेल्या माणसावर कुणी जळतं का? मी जळतो. खोटं कशाला बोलू, दुःखापेक्षा तेच जास्त होतं. पण ते नाव पुसलं की माझ्यापुरता हणमंत संपला, हेही तिथं वाकल्या वाकल्याच कळलं. वहिनींना सांगितलं, मशीन सांगलीला न्यायला टेम्पो मिळत नाही.

तेव्हापासून दर रविवारी सांगलीहून एसटी धरतो आणि साताऱ्यात त्या शेडमध्ये जाऊन खेळतो. मागच्या रविवारी तिसऱ्या नावाच्या वर गेलो, दुसऱ्याच्या अगदी जवळ पोचलो आणि विमान पडलं. तोंडातून शिवी गेली. मागे वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भावजी, टेम्पो मिळाला का?"

"नाही मिळाला."

"मिळंल सावकाश," त्या म्हणाल्या आणि बसायला स्टूल पुढे सरकवलं.